शेत विकण्याआधी एकदा कुट्टनाड बघायला या

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, खाडीकाठच्या खारातलं शेत द्यायचं ठरतंय असं तुम्ही फोनवर म्हणालात तेव्हा मी गप्प राहिले, काय बोलावं ते सुचेना. रविवारी इथल्या, केरळातल्या कुट्टनाडला जाऊन आले. तिथे सारखे तुम्हीच आठवत होतात, म्हणून हे पत्र.

कोचीहून अलेप्पीला आले आणि तिथून सरकारी बोटीने कैनकरीकडे गेले. हाउसबोटी पुष्कळ होत्या, पण मला गावच्या माणसांबरोबर जायचं होतं. बाजाराच्या पिशव्या, शाळेची पोरं, गॅसचं सिलिंडर असं सगळं त्याच बोटीत. थोड्या वेळाने कालव्याच्या कडेला बांध लागला आणि बांधापलीकडे भात दिसलं, पाण्याच्याही खाली! बोटीत बसून शेत वरून बघायचं. काही ठिकाणी ही जमीन समुद्रसपाटीपेक्षा 2 मीटरपर्यंत खाली आहे. पंपा, मणिमला, अच्चनकोविल आणि मीनच्चिल अशा चार नद्या याच भागातून वेंबनाड तलावात येतात. एवढ्या पाण्याच्या मधोमध माणसांनी चिखलाचे बांध घालून भात पिकवलं आहे.

बांधावर एक शेतकरी काका भेटले. वयाने तुमच्याएवढेच असतील. आपल्याकडेही खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत, भात लावतात म्हटल्यावर त्यांनी पंपाच्या खोपीतच नेलं. ‘पेट्टी-परा’ म्हणतात त्या यंत्राला. लाकडी पेटी, खाली उभं नळकांडं, वर मोटर. शेतातलं पाणी वर खेचून थेट कालव्यात टाकतं. पूर्वी हेच काम माणसं लाकडी चाक पायाने फिरवून करत. पावसाळ्यात शेतं बुडालेली असतात. पाऊस सरला की बांध बांधून घेतात, पाणी उपसतात आणि मोड आलेलं बी चिखलात फेकतात, अगदी आपल्या रहूसारखं. मार्चच्या सुमारास कापणी. समुद्राचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून तण्णीरमुक्कमला मोठा बंधारा आहे, कोरड्या महिन्यांत त्याची दारं लावतात. आपल्या बांधातल्या दारासारखी उघाडीच, पण केवढी मोठी! दारं लावली की पाणी तुंबतं, जलपर्णी माजते, म्हणून मच्छीमार नाराज असतात. त्यांचंही खरं आहे.

बाबा, पण मला तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच. एका बांधाच्या आत कित्येक जणांची शेतं असतात, त्या सगळ्या पट्ट्याला ‘पाडशेखरम’ म्हणतात. त्याची समिती असते. उपसा सगळ्यांचा एकत्र, पेरणी बरोबरीने आणि खर्च वाटून. कारण पाणी एकाच्या शेतातून काढून भागत नाही. आपल्याकडेही तसंच होतं ना? बांध फुटून खांड पडली की घराघरांतून माणूस बांधावर यायचा, आजोबा सांगायचे. मग सगळे कंपन्यांत लागले आणि उधाणाच्या रात्री मातीची घमेली टाकायला तुम्ही एकटेच उरलात. शेत तुमच्या आळसाने पडीक पडलं नाही, बाबा. तुम्ही ते मनाला लावून घेता, ते मला बघवत नाही.

तिथेही सगळं सुखाचं नाही. 2018 च्या पुरात बांध फुटले, घरं बुडाली. काकांची मुलं परदेशात आहेत, मजूर मिळत नाहीत, कापणीची यंत्रं तराफ्यावरून आणावी लागतात. चहूकडे पाणी, पण प्यायच्या पाण्याची ओढ. आई, हे तुला वेगळं सांगायला नको. तरी भात लागतंय. 2013 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या शेतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा मान दिला. मला तर वाटतं, आपल्या खारबंदिस्तीचीही योग्यता तेवढीच आहे.

म्हणून माझं एवढंच ऐका. कापणीच्या दिवसांत दोघं या, तोवर कागदावर सही करू नका. पनवेलहून नेत्रावती थेट अलेप्पीला येते, मी स्टेशनवर असेन. काकांनी तुम्हाला आवर्जून बोलावलंय. बाबा, तुम्हाला आणि काकांना एकमेकांची भाषा येत नाही, पण बांध बघून तुमचं बोलणं होईल याची मला खात्री आहे. मग परत जाऊन शेजारच्या खातेदारांशी एकदा बोलून बघा. ते नाहीच म्हणाले तर शेत द्या, मी पुन्हा विषय काढणार नाही.

आई, इथे कालुंदर मिळते, करिमीन म्हणतात तिला. मसाला लावून केळीच्या पानात भाजतात. जाड तांबड्या भाताबरोबर तुला नक्की आवडेल. बोटीत चढताना धरायला माणूस असतो, गुडघ्याची काळजी करू नकोस. बाबांच्या बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या घेऊन ठेव आणि तारीख कळव, म्हणजे लगेच तिकिटं काढते.

तुमची,
ताई