फ्लोरिन लहान का?

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

लिथियममध्ये ३ इलेक्ट्रॉन, फ्लोरिनमध्ये ९, तरी फ्लोरिनचा अणू लहान कसा, हे तू काल विचारलंस. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

आधी त्रिज्या मोजतात कशी ते बघ. अणूला कडा नसते. इलेक्ट्रॉनचा ढग बाहेरच्या बाजूला विरळ होत जातो, पण इथे संपला असं बोट ठेवता येत नाही. म्हणून मोजतात ते दोन केंद्रकांमधलं अंतर. क्लोरिनच्या रेणूत ते १९८ पिकोमीटर (मीटरचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोमीटर) भरतं. त्याचं निम्मं, ९९, ही क्लोरिनची त्रिज्या. बंध नसलेले क्लोरिन अणू नुसते शेजारी टेकले, तर हाच आकडा १८० च्या आसपास जातो. तेव्हा दोन तक्ते जुळले नाहीत तर घाबरू नकोस, त्रिज्या कुठली दिली आहे ते आधी वाच.

आता लिथियम १५२, कार्बन ७७, फ्लोरिन ६४. येणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन त्याच दुसऱ्या कवचात बसतो, आणि एका कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना केंद्रकाच्या ओढीपासून फारसे झाकत नाहीत. प्रोटॉन मात्र ३ चे ९ होतात. ओढ वाढते, अणू आकसतो. पुढे सोडियमला तिसरं कवच सुरू झालं की एकदम १८६.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते हाफ्नियम. झिर्कोनियम १६०, आवर्तसारणीत त्याच्या खाली, एक कवच जास्त असलेलं हाफ्नियम १५९! हाफ्नियमच्या आधी येणाऱ्या लॅन्थॅनाइड नावाच्या मूलद्रव्यांच्या रांगेत १४ इलेक्ट्रॉन एफ उपकवचात, म्हणजे आतल्या एका कवचाच्या भागात, भरतात. ते झाकायला फार कमी पडतात, आणि नव्या कवचाने वाढलेला आकार तिथेच खर्ची पडतो. आकार सारखा, बाहेरचे इलेक्ट्रॉनही सारखे, म्हणून रासायनिक वागणूकही जवळजवळ तीच. झिर्कोनियमच्या खनिजात लपलेलं हाफ्नियम १९२३ मध्ये कोपनहेगनला कोस्टर आणि हेवेशी या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या मदतीने शोधलं.

तारापूरच्या अणुभट्ट्यांत युरेनियम भरायच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात, कारण ते न्यूट्रॉन फारसे शोषत नाही. हाफ्नियम शेकडो पटींनी शोषतं, म्हणून ते आधी काढून टाकावंच लागतं. इतक्या सारख्या अणूंना वेगळं करणं हे फार चिकाटीचं काम आहे.

ॲल्युमिनियम १४३, त्याच्या खालचं गॅलियम १३५. तिथे झाकायला कोण कमी पडतं, ते पुस्तक न उघडता रविवारी फोनवर सांग.

तुझी,
आई