मधल्या सुट्टीतल्या इंजेक्शनला शाळेत जागा द्या

प्रति,
मा. आयुक्त,
ठाणे महानगरपालिका

महोदय,

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, म्हणून त्याला दिवसाला इन्सुलिनची साधारण चार इंजेक्शनं लागतात, म्हणजे वर्षाला १४६०. त्यातली बहुतेक घरी होतात. दुपारचं मात्र शाळेच्या वेळेत येतं, आणि त्याला शाळेत जागा नसली की मूल स्वच्छतागृहात जाऊन टोचून घेतं किंवा सरळ टाळतं. महापालिकेच्या शाळांसाठी आपण एक परिपत्रक काढावं, एवढीच विनंती.

जागा म्हणजे वेगळी खोली नव्हे. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कोपऱ्यात एक खुर्ची आणि हात धुवायला पाणी पुरे. मूल बसलेलं हवं. दोघांनी धरून आडवं पाडलं की भीती वाढते, अंग आखडतं आणि सुई जास्त दुखते. "काही दुखणार नाही" असं कुणी म्हणू नये. ते एकदा खोटं ठरलं की मूल त्या माणसाचं पुन्हा ऐकत नाही. "चिमटा बसल्यासारखं होईल, दहा मोजेपर्यंत संपेल" हे खरं आहे. इन्सुलिन पेनचं (पेनसारख्या दिसणाऱ्या इंजेक्शनचं) बटण दाबल्यावर सुई दहा आकडे आतच ठेवायची असते, नाहीतर औषधाचा थेंब बाहेर येतो. आकडे मुलालाच मोजू द्यावेत. टोचायचं की नाही हे विचारू नये. डावी मांडी की उजवी, हे जरूर विचारावं. आणि "मस्ती केलीस तर सुई देईन" ही धमकी वर्गातून कायमची जावी.

जास्त दुखण्यामागची कारणं बहुधा साधी असतात. फ्रिजमधून काढलेलं गार इन्सुलिन झोंबतं, स्पिरिट वाळायच्या आत टोचलं तरी झोंबतं. तीच सुई पुन्हा पुन्हा वापरली की टोक बोथट होतं. मुलांना ४ मिमीची सुई पुरते. "इथे दुखत नाही, इथेच द्या" असं मूल म्हणू लागलं तर तिथे बोट फिरवून पाहावं. रबरासारखी गाठ हाताला लागते. एकाच जागी टोचून चरबी साचलेली असते. तिथे दुखत नाही हे खरं, पण इन्सुलिनही नीट शोषलं जात नाही आणि रक्तातली साखर वरखाली होत राहते. दर वेळी बोटभर अंतर सोडून जागा बदलायची.

आता खिचडी. 'रेग्युलर' प्रकारचं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं. मुलानं ते घेतलं आणि पोषण आहाराची खिचडी उशिरा आली, तर साखर उतरते: घाम, थरथर, विनाकारण चिडचिड. म्हणून या मुलाचं ताट ठरल्या वेळी मिळायला हवं, नाहीतर घरचा डबा हवा. तपासणीत रक्तातली साखर ७० (मिग्रॅ/डेसीलिटर) च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा.

इन्सुलिनच्या बाटलीवर ४० (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) लिहिलं असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० असेल तर नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरलं तर अडीचपट डोस जातो. मोठी मुलं स्वतः टोचून घेतात तेव्हाही आकडा मोठ्या माणसानं पाहायचा, तो यासाठीच.

उकाड्यात इन्सुलिन दप्तरात नको. ओल्या वाळूतलं मडकं चालतं. बर्फाला मात्र टेकवू नये, गोठलं की ते बाद. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकाव्यात आणि भरलेली बाटली जवळच्या आरोग्य केंद्रानं घ्यावी.

प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना (एक रजेवर असला तर दुसरा हवाच) जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दोन तासांचं प्रशिक्षण द्यावं. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ते घेता येईल. सुई टोचण्याच्या सरावासाठी मोसंबी लागतात, त्या आम्ही आणू.

आपले,
मधुमेही मुलांसोबत काम करणाऱ्या परिचारिका आणि पालक, ठाणे