ताईच्या पोटऱ्यांसाठी

ती. ताईस सा. न.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "शेवटच्या तासाला पोटऱ्यांचा नुसता दगड होतो गं." मी हसण्यावारी नेलं खरं, पण हे दुखणं माझंही आहे, म्हणून लिहायला बसले.

इथे गोदामात आम्हाला कामं आलटूनपालटून असतात. एक दिवस खोकी घेऊन फिरायचं, दुसऱ्या दिवशी सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून माल तपासायचा. तपासणी म्हणजे आराम, असं मला वाटायचं. झालं उलटंच. फिरतीच्या दिवशी पाय थकायचे, तपासणीच्या दिवशी ठणकायचे. मोजे काढले की घोट्याभोवती इलॅस्टिकचा खोल वळ, आणि नडगीवर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहायचा.

कारण कामावरच्या नर्सनं सांगितलं. पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की शीर पिळली जाते, रक्त वर सरकतं, आणि शिरेतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. एका जागी खिळून राहिलं की हा पंपच बंद. मग घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटरवर जातो. चालू लागलं की 30च्या आसपास उतरतो.

आता मी उभ्या उभ्या टाचा उचलत राहते, आणि 15 सेंटीमीटर उंचीच्या पाटावर एकेक पाय आळीपाळीनं ठेवते. कंबरेलाही बरं वाटतं. तूही फळ्याला चिकटून न राहता बाकांमधून फेऱ्या मार, मुलंही जागी राहतील! बूट घ्यायचे तर संध्याकाळी घे, तेव्हा पाऊल फुगलेलं असतं.

दाबाच्या मोज्यांची, म्हणजे पाय घट्ट आवळून धरणाऱ्या मोज्यांची, माझी फजिती ऐक. सुजलेल्या पायावर रात्री ओढायला गेले, अर्ध्यातच अडकले. मग वरची कड दुमडली, तर तिचाच फास बसला. ते सकाळी अंथरुणातून उठताच घालायचे, दुमडायचे नाहीत. तुला साखर आहे, तेव्हा आधी डॉक्टरांना विचार. आणि एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर त्याच दिवशी दाखव. ती शिरेतली रक्ताची गुठळी असू शकते.

डॉक्टर हो म्हणाले, तर सकाळी उठल्या उठल्या घोट्याचा आणि पोटरीचा घेर मोजून कळव. संध्याकाळचं माप चालणार नाही. येताना दोन जोड आणते.

तुझी,
धाकटी