ताई, तुम्ही स्वतः सतरंजीवर आडव्या झालात

ताई, सप्रेम नमस्कार.

पाळी जायच्या वयातल्या तक्रारी ऐकून "या वयात चालायचंच" म्हणत पुढच्या पेशंटला हाक मारणारे डॉक्टर लालबाग-परळच्या बायकांना नवे नाहीत. "हार्मोन बॅलन्स"च्या पावडरीचे डबे गळ्यात मारणारेही नाहीत. म्हणूनच आमच्या मंडळात येऊन तुम्ही जे शिकवलंत, त्याबद्दल तुमचे आभार जाहीरपणे मानायचे आहेत.

शिंकताना, खोकताना, दादरचा पूल घाईने चढताना लघवीचे थेंब जातात. केगल, म्हणजे लघवी रोखून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम, करा, असं सगळेच सांगतात. कसं, ते कोणी दाखवत नाही. तुम्ही मंडळाच्या सतरंजीवर आडव्या झालात, गुडघे दुमडलेत आणि आमचा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवलात. "आता आवळतेय," म्हणालात. हाताखाली पोट मऊच, श्वास चालूच! चूक नेमकी इथेच होते. पोट, मांड्या, कुल्ले ताठ होतात, श्वास कोंडतो आणि जोर वर ओढला जाण्याऐवजी खाली जातो. गॅस अडवतो तसं आतून वर ओढायचं, पाच सेकंद धरायचं, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा; जमेल तसं दहा सेकंदांपर्यंत न्यायचं. शिंक येतेय वाटलं की आधीच आवळायचं. लघवी मध्येच रोखून सराव मात्र करायचा नाही. फरक दिसायला तीनेक महिने लागतात, हेही तुम्ही लपवलं नाहीत.

या वयात अंगातून अचानक येणाऱ्या गरम वाफांबद्दलही खरं तेच बोललात. इस्ट्रोजेन हे बाईच्या अंगातलं हार्मोन घटलं की अंग जरासं तापलं तरी मेंदू घाम सोडायला लावतो, आणि मुंबईच्या दमट हवेत तो वाळत नाही. म्हणून नायलॉन नको, सैल सुती कपडा आणि पंख्याचा वारा हवा. संथ श्वासाने वाफा थांबतीलच असं नाही, पण जीव घाबरा होणं कमी होतं. आणि पाळी वर्षभर बंद राहिल्यावर नुसता डाग दिसला तरी व्यायाम-काढे करत न बसता लगेच डॉक्टरांकडे.

एवढं शिकलेल्या माणसाने जमिनीवर येऊन, स्वतःच्या अंगाला हात लावू देऊन शिकवावं, अशी माणुसकी फार कमी वाट्याला येते. ताई, खरंच उपकार झाले.

बाळंतपणानंतर आमच्या सुनांनाही हाच त्रास होतो, त्यांनाही शिकवा. त्या कामावरून सातला येतात, तेवढी संध्याकाळची वेळ द्या.

आपल्या,
मंडळातल्या सगळ्याजणी