माजी विद्यार्थी मेळाव्यापुरतेच का?

महोदय,

नागपूरची भारतीय व्यवस्थापन संस्था २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा अहमदाबादच्या ज्येष्ठ संस्थेने तिचे पालकत्व स्वीकारले होते, आणि व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात वर्ग भरवणारी ही संस्था २०२२ मध्ये मिहान या उद्योग प्रकल्पातील स्वतःच्या वास्तूत गेली. संस्थेला लाभला तसा वडीलधारा आधार शहरातील अनेक व्यवस्थापन महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना मात्र लाभत नाही. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे सत्कार, छायाचित्रे आणि जेवणावर (सावजी असले तरी!) आटोपतात. पहिली नोकरी कोणती धरावी आणि कोणती नाकारावी, हे अनुभवी माणूसच सांगू शकतो; म्हणून बुटीबोरी, हिंगणा या औद्योगिक वसाहतींत आणि मिहानमध्ये काम करणारे माजी विद्यार्थी प्रत्येकी दोघा विद्यार्थ्यांना वर्षभर, महिन्यातून एकदा तरी भेटतील, अशी व्यवस्था महाविद्यालयांनी येत्या सत्रापासून करावी.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर