टॅरिफच्या टक्क्यांपलीकडेही बघा

मा. संपादक,
स. न.

अमेरिका-युरोपच्या बातम्या येतात त्या सगळ्या टॅरिफच्या, म्हणजे आयात मालावरच्या कराच्या, टक्क्यांच्या, १५ लावले, ५० लावले, कोण नमलं. पण अमेरिका आणि युरोपियन युनियन या दोघांनी २०२१ मध्ये मिळून व्यापार आणि तंत्रज्ञानावर बोलणी करायला ट्रेड अँड टेक्नॉलॉजी कौन्सिल काढलं होतं त्याचं काय झालं यावर कुणी फारसं लिहीत नाही, आणि मला तर शिकण्यासारखं खरं तिथेच दिसतं.

पहिली बैठक अमेरिकेत पिट्सबर्गला, सप्टेंबर २०२१. चिप, एआय, एक्सपोर्ट कंट्रोल (कुठला माल कोणत्या देशाला विकू द्यायचा नाही याचे नियम) अशा विषयांचे १० वर्किंग ग्रुप. ऐकायला रटाळ वाटतं, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा चिप आणि हायटेक माल रशियाला जाऊ द्यायचा नाही हे दोन्हीकडे पटापट आणि बरंचसं सारखं ठरलं, कारण अधिकारी आधीपासूनच एकमेकांशी बोलत होते. हे काम मोठंच आहे, त्याचं कौतुक व्हायलाच हवं.

पण मूळ दुखणं, म्हणजे अमेरिकेने २०१८ मध्ये युरोपच्या मालावर लावलेली स्टील-ॲल्युमिनियमची ड्युटी, त्यावर कायमचा तोडगा निघालाच नाही, नुसती तात्पुरत्या सवलतीची मुदत वाढवत राहिले. करार नाही, कायदा नाही, सगळं त्या वेळच्या सरकारांच्या मर्जीवर. एप्रिल २०२४ ला बेल्जियममध्ये लूव्हनला सहावी बैठक झाली, मग ट्रम्प परत आले आणि कौन्सिल थंडच पडलं. मार्च २०२५ मध्ये स्टीलवर २५ टक्के, जूनमध्ये ५०, आणि जुलैमध्ये स्कॉटलंडला ट्रम्प यांच्याच गोल्फ रिसॉर्टवर युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी युरोपच्या बहुतेक मालावर १५ टक्के मान्य करून टाकले. एवढी मोठी बाजारपेठ असून युरोप का वाकला? माझ्या मते कारण सरळ आहे, रशिया दाराशी आणि संरक्षणासाठी अमेरिकेशिवाय भागत नाही, मग व्यापारात ताणून कसं धरणार.

आता आपलं बघा. भारत आणि युरोपियन युनियनचंही याच नावाचं कौन्सिल आहे, २०२२ मध्ये जाहीर झालं, पहिली बैठक मे २०२३ ला ब्रसेल्समध्ये, दुसरी फेब्रुवारी २०२५ ला दिल्लीत. चाकणच्या ऑटो पार्टवाल्यांपासून हिंजवडीच्या आयटीवाल्यांपर्यंत किती जणांचा धंदा युरोपशी जोडलेला आहे! या कौन्सिलमध्ये चिप, डेटा, एआयबद्दल जे ठरतं ते नुसत्या संयुक्त निवेदनात राहू नये, लेखी बंधनात यावं आणि संसदेसमोर मांडलं जावं असं मला मनापासून वाटतं. आणि तुम्हाला विनंती, पुढची बैठक होईल तेव्हा फोटोखाली चार ओळी न देता काय ठरलं, कोणावर बंधनकारक आहे, मागच्या वेळचं किती झालं हे सविस्तर छापा.

- एक नियमित वाचक, पुणे