लीट्रिमच्या ताईंना

ताई,

स. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण डब्लिनऐवजी आयर्लंडच्या एखाद्या लहान काउंटीत नोकरी लागलेली मराठी माणसं मला अधूनमधून फोन करतात, आणि तुम्ही आम्हाला दिलेला सल्लाच मी त्यांना देते: आधी पोरांचं नाव गावच्या गेलिक क्लबात, म्हणजे आयर्लंडच्या स्वतःच्या फुटबॉल आणि हर्लिंगच्या क्लबात घाला. तो कुणाचा, हे त्यांना कळायला हवं. म्हणून उघड आभार.

लीट्रिम काउंटीतल्या कॅरिक-ऑन-शॅननला आलो तेव्हा बँक, शाळा, डॉक्टर यांसाठी मदत करणारे पुष्कळ भेटले. तुम्ही मात्र हातातला चहा संपायच्या आत विचारलंत, "पोरीचं नाव क्लबात घातलंस का?" भांडीसुद्धा अजून खोक्यात आहेत म्हटल्यावर म्हणालात, "असू देत. भांडी कुठे पळून जात नाहीत."

मी कोल्हापूरची. पेठेची तालीम काय असते आणि शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीचा फुटबॉल सामना असला की घरातलं जेवण कसं राहून जातं, हे मला शिकवावं लागलं नाही. त्यामुळे इथली माणसं मोहिल, बॅलिनामोर, मॅनरहॅमिल्टन या नावांवरून का हमरीतुमरीवर येतात ते लगेच कळलं. ज्या गावचा माणूस, त्या गावचा क्लब. चांगला खेळतो म्हणून शेजारच्या क्लबाने पळवायचं नाही. एक गोष्ट मात्र पचायला वेळ लागला. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर 80 हजार लोकांसमोर खेळणाऱ्या माणसालाही खेळण्याचा पगार नाही. रविवारी फायनल खेळलेला मास्तर सोमवारी वर्गावर हजर! 1884 साली थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात हे खेळ चालवणारी गेलिक अॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली, आणि हौशी खेळाची ती रीत आजही टिकून आहे.

नियम तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात शिकवलेत, तेही एकाच सामन्यावरून. फ्रिजवर आकडे लिहिलेत: लीट्रिम 0-12, मेयो 2-4. "कोण जिंकलं, सांग." मग चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून गेला तर एक पॉइंट, खालून जाळीत गेला तर गोल आणि गोलाचे तीन पॉइंट, आकड्यांत आधी गोल आणि मग पॉइंट, असा हिशेब करून घेतलात. शेजारच्या मेयो काउंटीचे दोन गोल आणि चार पॉइंट मिळून दहा. लीट्रिमचा गोल एकही नाही, पण पॉइंट बारा. 1994 चा कॉनॉट प्रांताचा अंतिम सामना. 1927 नंतर लीट्रिमने तो चषक पहिल्यांदाच जिंकला होता, आणि कर्णधार डेक्लन डार्सीने तो उचलला तेव्हा 1927 चा कर्णधार टॉम गॅनन त्याच्या शेजारी उभा होता. हे सांगताना तुमचा आवाज असा झाला होता की तुम्ही तेव्हा भारतात शाळेत होतात, यावर आमचा विश्वासच बसेना. (2025 पासून लांबून, मैदानावर आखलेल्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला दोन मिळतात. तो नियम तुम्हाला पसंत नाही, हे ठाऊक आहे. त्यावर वाद नको.)

या काउंटीत 1841 साली दीड लाखाच्या वर माणसं होती. दुष्काळ आला, मग बोटी भरभरून लोक गेले; 1996 मध्ये जेमतेम पंचवीस हजार उरले. 2022 च्या जनगणनेत पस्तीस हजार. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावातही याहून जास्त माणसं निघतील. तेवढ्यावर वीसच्या वर क्लब चालतात! गेलेली माणसं लंडनला, न्यूयॉर्कला जाऊन खेळत राहिली, आणि त्या दोन्ही शहरांचे संघ आजही कॉनॉटच्या स्पर्धेत असतात. 2023 मध्ये न्यूयॉर्कने चॅम्पियनशिपमधला आपला पहिलावहिला विजय मिळवला तो आपल्याच लीट्रिमला पेनल्टींवर हरवून. तो विषय तुमच्यासमोर काढायचा नसतो, हेही मी शिकले.

एवढे क्लब चालतात कसे, ते तुमच्याकडे पाहून कळलं. नर्सिंग होममधली रात्रपाळी करून सकाळी मैदानावर मुलांची हजेरी, दर आठवड्याला क्लबाच्या लोट्टोची, म्हणजे लॉटरीची तिकिटं, सामन्यानंतरचे सँडविच आणि धुवायला आलेल्या जर्सींची ती भली मोठी पिशवी. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. पण तुम्ही कधी कुरकुरला नाहीत, आणि मलाही कधी "जरा मदत कर" म्हणाला नाहीत. पिशवी सरळ माझ्या गाडीत ठेवलीत.

सगळ्यात मोठे आभार वेगळ्याच गोष्टीचे आहेत. पहिल्या हिवाळ्यात लेक शाळेत कुणाशी बोलत नव्हती. तुम्ही तिची समजूत घालायला बसला नाहीत. झॅक मोरादीचा फोटो दाखवलात. इराकमधल्या निर्वासित छावणीत जन्मलेला कुर्दी मुलगा, 2002 मध्ये अकरा वर्षांचा असताना याच कॅरिकला आला, इथेच त्याच्या हाती हर्ली, म्हणजे हर्लिंगची काठी आली आणि 2019 मध्ये लीट्रिमच्या संघातून क्रोक पार्कवर लोरी मीगर चषक जिंकला; लँकेशायरवर, जादा वेळेत, एका पॉइंटने. लीट्रिम मुळात फुटबॉलचं. हर्लिंगमध्ये आपण सगळ्यात खालच्या पायरीवर, आणि चषकही त्याच पायरीचा. त्याने काही बिघडत नाही, असं तुम्ही तिला सांगितलंत. तिने तोंडातल्या तोंडात विचारलं, "त्याला इंग्रजी येत होतं?" "नव्हतं येत," तुम्ही म्हणालात, "चल, बूट घाल."

बारा वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यांत आलेल्या प्रत्येकाला खेळवतात, बाकावर बसवून ठेवत नाहीत. माझ्या मते या संघटनेने केलेला सगळ्यात शहाणा नियम तोच. पहिल्याच शनिवारी घाबरत उतरलेली पोर चिखलाने माखून, दोन नव्या मैत्रिणी घेऊन घरी आली. आता ती डाव्या पायाने सोलो करते, म्हणजे धावता धावता चेंडू पायावर टाकून परत हातात घेते, आणि माझी चूक काढते की मुलींच्या फुटबॉलमध्ये चेंडू जमिनीवरून थेट हातांनी उचलता येतो, तू उगाच ओरडतेस.

तुम्ही गॉलवेला राहायला गेलात, तरी रंग लीट्रिमचा हिरवा-सोनेरीच ठेवाल अशी खात्री आहे. जर्सींची पिशवी सध्या माझ्याकडे आहे. लोट्टोची तिकिटं आमचे हे विकतात, आणि तुमच्याइतकी खपत नाहीत. पुढच्या महिन्यात कॅरिकच्या पार्क शॉन मॅक डिअर्माडा मैदानावर मुलींचा सामना आहे. येणार असाल तर आधी कळवा, म्हणजे थालीपिठं तुमच्या हिशेबाने करते. भाऊजींना नमस्कार.

तुमची,
क्लबातली कोल्हापूरकर